पर्समधलं हत्यार: न्यायचं कुठं, ठेवायचं कुठं

 

मागच्या महिन्यात आपल्या फोनवरच्या कार्यक्रमात एका मावशींनी प्रश्न विचारला होता. त्यांची मुलगी शहरात मॉलमधल्या दुकानात कामाला आहे. दुकान बंद करून निघायला सव्वादहा वाजतात, मग शेवटची एसटी, मग फाट्यापासून घरापर्यंत दीड किलोमीटर चालत. मावशी म्हणाल्या, "तिच्यासाठी पिस्तुलाचं लायसन काढता येतं का? आणि काढलंच तर तिनं ते रोज पर्समध्ये न्यायचं का?" त्यांच्या मागं कुणीतरी हसल्याचं फोनवर ऐकू आलं. आम्हाला मात्र हसण्यासारखं काही वाटलं नाही. रोज रात्री अकरा वाजता उंबऱ्यावर उभं राहून वाट बघणाऱ्या बाईनं विचारलेला प्रश्न आहे तो. म्हणून आम्ही पाचजणींनी बसून नियम वाचून काढले, वकील ताईंकडून समजून घेतले आणि पोलीस ठाण्यातही जाऊन आलो.

तर आधी लायसनचं. बाईला शस्त्राचं लायसन मिळू शकतं. १९५९ चा शस्त्र कायदा बाई आणि पुरुष असा भेद करत नाही. वय २१ पूर्ण हवं. अर्ज जिल्ह्यात असाल तर जिल्हाधिकाऱ्यांकडे, आयुक्तालय असलेल्या शहरात असाल तर पोलीस आयुक्तांकडे. पोलीस चौकशी करतात. नुसतं "भीती वाटते" एवढं पुरत नाही, जिवाला खरोखरीचा धोका आहे हे दाखवावं लागतं. २०१६ च्या नियमांनुसार शस्त्र हाताळायचं प्रशिक्षणही घ्यावं लागतं. लायसन मिळालं तर ते पाच वर्षांचं असतं, नंतर नूतनीकरण. आणि लायसन नसताना कट्टा बाळगला तर तुरुंग आहे. २०१९ साली कायदा बदलून ती शिक्षा वाढवली आहे. कुणी "आपल्या ओळखीचा आहे, स्वस्तात देतो" म्हणालं तर त्याच्या वाटेला जाऊ नका.

काहींना आठवत असेल, दिल्लीच्या त्या भयंकर घटनेनंतर, २०१४ च्या जानेवारीत कानपूरच्या सरकारी कारखान्यानं खास बायकांसाठी म्हणून एक रिव्हॉल्व्हर काढलं होतं. नाव ठेवलं 'निर्भीक'. वजन अर्धा किलो, पर्समध्ये मावेल एवढं, आणि दागिन्यांच्या डबीसारख्या मरून डबीत घालून द्यायचे. किंमत तेव्हा सव्वा लाखाच्या आसपास. बायकांची वस्तू म्हटली की दागिन्याची डबी आलीच! मॉलमध्ये दिवसभर उभं राहणाऱ्या मुलीला सव्वा लाख साठवायला किती वर्षं लागतील, तो हिशेब त्या डबीत कुणी घातला नव्हता.

पण पैशाचा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवू. समजा लायसन आहे, रिव्हॉल्व्हर आहे. आता मावशींचा दुसरा प्रश्न, आणि खरा अवघड तोच आहे: न्यायचं कुठं?

नियम सांगतो की सार्वजनिक जागी शस्त्र न्यायचं तर ते म्यानात किंवा त्यासाठीच्या पिशवीत, पूर्ण झाकलेलं आणि स्वतःच्या ताब्यात हवं. म्हणजे दाखवत फिरायचं नाही. लग्नात, मिरवणुकीत ते बाहेर काढणं, हवेत बार काढणं हा गुन्हा. इथपर्यंत ठीक. पण मुलगी जाते कुठं? मॉलमध्ये. दारात पर्स उघडून बघतात. कारखान्याच्या गेटवर, कोर्टात, परीक्षेच्या केंद्रावर तीच तऱ्हा. मतदान केंद्राच्या आसपास तर शस्त्र घेऊन जायला कायद्यानंच बंदी आहे. निवडणूक लागली की लायसनवाल्यांना शस्त्रं पोलिसांत जमा करायला लावतात. सणवार, मोर्चे असले की पोलीस मनाई आदेश काढतात, ते आपण चावडीवर चिकटवलेले बघतोच. त्यात शस्त्रंच काय, लाठ्याकाठ्यासुद्धा घेऊन फिरायला बंदी असते. म्हणजे मुलगी ते रिव्हॉल्व्हर एसटीत नेऊ शकली तरी दुकानात नेऊ शकत नाही. मग दिवसभर ठेवणार कुठं? टपरीवाल्याकडे?

आणि घरी ठेवायचं तर घरात पोरं असतात. पोरांच्या हाती लागू नये म्हणून गोळ्या वेगळ्या, रिव्हॉल्व्हर वेगळं, दोन्ही कुलपात. असंच ठेवलं पाहिजे. पण मग रात्री दार वाजलं तर दोन कुलपं उघडेपर्यंत काय? या पेचावर उत्तर नाही. जिथं बंदूक घेणं सोपं आहे त्या अमेरिकेतही नाही. तिथं आता निम्म्याहून अधिक राज्यांत परवान्याशिवायही झाकून पिस्तूल नेता येतं, आणि आपल्याकडच्या लेकीसुना तिथं नांदतात, त्यांच्याही शेजारणींच्या पर्समध्ये ते असतं. तिथल्या ११ शहरांतला एक अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. मारहाण करणाऱ्या नवऱ्याच्या किंवा जोडीदाराच्या हाती बंदूक लागत असेल तर बाईचा जीव जाण्याचा धोका सुमारे पाचपट वाढतो, असं त्यात दिसलं. बंदूक कुणाच्या नावावर आहे याला त्या क्षणी काही अर्थ उरत नाही. ज्या घरात नवरा पिऊन येतो त्या घरात, लायसन बायकोच्या नावावर असलं तरी, रिव्हॉल्व्हर येऊच नये असं आमचं स्पष्ट मत आहे.

मग विळा, सुरी? पुष्कळ जणी पिशवीत सुरी ठेवतात, आम्हाला माहीत आहे. नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याचं धारदार हत्यार शस्त्र कायद्यात येतं. स्वयंपाकाची आणि शेतीची अवजारं त्यातून वगळलेली आहेत. शेतातून येताना विळा हातात असला तर कुणी अडवणार नाही. पण सुरी चालवायची तर माणूस हातभर अंतरावर यावा लागतो, आणि इतक्या जवळ आला की ती हिसकावून घेणंही त्याला सोपं जातं. म्हणून सुरीच्या भरवशावर कुणी राहू नये.

राहिला मिरचीचा फवारा, म्हणजे पेपर स्प्रे. याला लायसन लागत नाही. औषधाच्या दुकानात, ऑनलाइन मिळतो. मिरचीतला जो जाळ असतो तोच त्यात असतो. डोळे मिटतात, खोकला लागतो आणि पळायला वेळ मिळतो. त्याचं काम तेवढंच: पळायला वेळ मिळवून देणं. सात-आठ फुटांवरून मारायचा, तोंडावर, आणि लगेच बाजूला व्हायचं. वारा आपल्याकडे येत असेल तर आपल्याच डोळ्यांत जातो. डबीवर मुदत छापलेली असते, ती संपली की जोर जातो. बऱ्याच जणी तीन वर्षांपूर्वीची डबी पर्सच्या तळाशी, डबा, छत्री आणि ओढणीखाली ठेवून निर्धास्त असतात. रात्री अंधारात चेन उघडून, डबा बाजूला करून ती शोधून बघा एकदा.

म्हणून कधी आणि कुठं, ते आम्ही असं ठरवलंय. एसटीतून उतरून घरापर्यंतचा रस्ता, पहाटे स्टँडवर गाडीची वाट बघणं, शेतावर रात्रीच्या लाईटीला पाणी धरायला जाणं, अशा वेळी डबी हातात किंवा स्वेटरच्या खिशात, बोट झाकणाजवळ. एसटीत बसलात की आत ठेवा. बंद गाडीत फवारा उडाला तर लेकरं, म्हातारी माणसं, दमेकरी, सगळ्यांचे हाल होतील, आणि ड्रायव्हरच्या डोळ्यांत गेला तर बघायलाच नको. बंद खोलीतही तेच, आपणही तिथंच अडकलेल्या असतो. विमानात जाणाऱ्या मुलींनी हातातल्या बॅगेत ठेवू नये, काढून घेतात. आणि घरात लहान मूल असेल तर डबी वरच्या फळीवर.

हा फवारा रागाच्या भरात मारायची वस्तू नाही. २०२४ साली कर्नाटक उच्च न्यायालयापुढे एक प्रकरण गेलं. जागेच्या वादातून भांडण झालं आणि त्यात फवारा मारला होता. जिवाला धोका नसताना मारलेला पेपर स्प्रे हे घातक हत्यारच आहे, असं म्हणत कोर्टानं गुन्हा रद्द करायला नकार दिला. नळावरच्या, बांधावरच्या भांडणात ही डबी काढू नका.

खरा प्रसंग आला तर मात्र कायदा आपल्या बाजूला आहे, आणि हे फार कमी जणींना माहीत असतं. १ जुलै २०२४ पासून आयपीसीच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिची कलमं ३४ ते ४४ स्वसंरक्षणाची आहेत. जिवाची, जबर दुखापतीची, बलात्काराची, पळवून नेण्याची, अॅसिड टाकण्याची भीती समोर उभी असेल तर बचाव करताना हल्लेखोराचा जीव गेला तरी तो गुन्हा ठरत नाही, असं कलम ३८ सांगतं. पहिला वार अंगावर पडेपर्यंत थांबायची गरज नाही. धोका समोर दिसला की हक्क सुरू होतो. पण गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही, आणि धोका संपला की हक्कही संपतो. तो पळत सुटल्यावर मागं धावून मारलं तर आपण आरोपी.

आता सगळ्यात नाजूक गोष्ट. २०२५ च्या फेब्रुवारीत पुण्याच्या स्वारगेट स्थानकात पहाटे फलटणच्या गाडीची वाट बघणाऱ्या एका मुलीला "ताई" म्हणून हाक मारली, गाडी तिकडं लागलीय असं सांगितलं, उभ्या असलेल्या शिवशाहीत नेलं आणि तिच्यावर अत्याचार केला, असा गुन्हा नोंदला गेला. लोक नंतर म्हणाले, ती ओरडली का नाही, तिच्याकडे काही नव्हतं का. अहो, जो "ताई" म्हणून गाडी दाखवायला येतो त्याच्यावर कोण फवारा रोखून धरतं? पर्समधली वस्तू बाहेर काढायची तर समोर धोका आहे हे आधी कळावं लागतं. सरकारचेच दरवर्षीचे आकडे सांगतात की बलात्काराच्या दहापैकी नऊहून अधिक गुन्ह्यांत आरोपी बाईच्या ओळखीचा असतो. नातलग, शेजारी, लग्नाचं वचन देणारा. त्याच्यासाठी आपण स्वतः चहा टाकलेला असतो. तेव्हा जिच्यावर प्रसंग आला तिला "तुझ्याकडे काही नव्हतं का" हा प्रश्न विचारू नका, एवढी आमची विनंती.

आणि मावशी, तुमच्या मुलीपुरतं एक सांगायचं राहिलं. महाराष्ट्रात दुकानं आणि आस्थापनांचा २०१७ चा कायदा आहे. वीस किंवा त्याहून जास्त कामगार असतील तिथं रात्री साडेनऊनंतर बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती लागते, तिच्या सुरक्षिततेची व्यवस्था लागते आणि दुकानापासून तिच्या घराच्या दारापर्यंत पोचवायची सोयही लागते. फाट्यापर्यंत नव्हे, दारापर्यंत. ही जबाबदारी मालकाची. मुलगी सव्वादहाला सुटते, म्हणजे तिची गाडी कुठं आहे, हे आधी मालकाला विचारायचं. एकटीनं विचारलं तर "नको असेल तर सोड काम" ऐकावं लागतं, तेही खरं. म्हणून तिच्याबरोबरच्या रात्रीच्या मुलींनी मिळून लेखी अर्ज द्यावा, पोच घ्यावी, आणि उत्तर आलं नाही तर कामगार खात्याच्या कार्यालयात जावं. अर्जाचा नमुना वकील ताईंनी आम्हाला लिहून दिलाय. रेडिओच्या कचेरीत ठेवलाय, झेरॉक्सचे पैसे घेणार नाही.

मदतीचे नंबर लिहून घ्या: ११२ पोलिसांचा, १८१ महिलांसाठीचा. बऱ्याच स्मार्टफोनवर बाजूचं बटण पटापट दाबलं, आणि साध्या फोनवर ५ किंवा ९ चा आकडा दाबून धरला, की ११२ ला फोन लागतो. तुमच्या फोनमध्ये ही सोय आहे का, ते आज दिवसाउजेडी घरातल्या पोराकडून बघून घ्या.

येत्या शनिवारी दुपारी चार वाजता ग्रामपंचायतीच्या हॉलमागच्या मैदानात आम्ही सराव ठेवलाय. मुदत संपलेल्या डब्या घेऊन या. झाडाला बुजगावणं बांधू, वारा कुठून येतो ते बघू आणि फवारा मारून बघू. लहान मुलांना मात्र घरी ठेवून या, आणि डोळे धुवायला पाण्याची एकेक बाटली बरोबर आणा.