एका थेंबातील परीक्षा



कपडे धुण्याची पावडर मळ काढते हे आपण सारेच जाणतो. परंतु धुण्याचे पाणी ओढ्यात गेल्यावर तेथील जिवांचे काय होते? याचे उत्तर पुस्तकात शोधण्याआधी शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली शोधू या.

वाळलेले गवत पाण्यात उकळून थंड करा, त्यात तळ्याचे थोडे पाणी घाला व ते सैल झाकून ठेवा. काही दिवसांनी त्यात पॅरामेशियम हा एकपेशीय जीव बहुधा सापडतो. तो मिलिमीटरच्या दहाव्या हिस्स्यापासून तिसऱ्या हिस्स्यापर्यंत लांब असतो आणि अंगावरील केसांसारख्या तंतूंनी पोहतो.

आता 100 मिलिलिटर पाण्यात 1 ग्रॅम पावडर विरघळवा. त्यातील 1 मिलिलिटर घेऊन त्यात 9 मिलिलिटर पाणी मिसळा. द्रावण दहापट सौम्य झाले. असे आणखी दोनदा करा. प्रत्येक द्रावणाचा एक थेंब जीव असलेल्या एका थेंबात मिसळा. तीव्रता निम्मी होते, हे वहीत टिपा. दहा मिनिटांनी किती जीव पोहतात ते मोजा. तीव्र द्रावणात ते सहसा लगेच मरतात, अतिसौम्य द्रावणात तग धरतात. ज्या मात्रेत निम्मे मरतात, ती मात्रा विषारीपणाचे माप मानतात.

मात्र एका थेंबात पावडर न घालता नुसते तेच पाणी मिसळा. तेथेही जीव मेले, तर दोष पावडरीला देता येणार नाही. थेंब सुकला असेल किंवा दिव्याने तापला असेल. आरोपापूर्वी ही खातरजमा करणे, हाच विज्ञानाचा न्याय होय.

जीव मरतो का? पावडरीच्या रेणूचे एक टोक पाण्याकडे, दुसरे तेलाकडे ओढ घेते. म्हणूनच तेलकट डाग सुटतो. पण पेशीचे पटलही स्निग्ध द्रव्याचेच असते, तेही विस्कटते.

1950 नंतरच्या काळात युरोप-अमेरिकेतील नद्यांवर फेसाचे ढीग साचू लागले, कारण फाटे असलेले ते रेणू जिवाणूंना सहज विघटित करता येत नव्हते. पश्चिम जर्मनीने 1961 मध्ये कायदा केला; अमेरिकेतील उत्पादक 1965 च्या सुमारास सरळ साखळीच्या रेणूंकडे वळले. तरीही विघटन होईपर्यंत रेणू अपाय करू शकतोच.

पॅरामेशियम मेला म्हणून माणसाला धोका सिद्ध होत नाही. परंतु हे जीव जिवाणू खाऊन पाणी स्वच्छ राखण्यास हातभार लावतात. म्हणून पावडर मोजून वापरा आणि धुण्याचे पाणी विहिरीपासून, ओढ्यापासून दूर सोडा.

पालकहो, एक विनंती. मूल शाळेतून आले की "आज काय पाठ केलेस?" एवढेच विचारू नका, "आज काय पाहिलेस, आणि ते खरे कशावरून?" हेही विचारा. मुलाइतकेच मुलीलाही विचारा. या प्रश्नाला खर्च येत नाही, पण त्यातून स्वतः पारखून पाहणारे मन घडते.