गच्चीचा कठडा

भोर-वेल्ह्याचा घाट उतरला की कोकण. तिथले बेने इस्रायल, म्हणजे मराठी यहुदी, तेली शब्बाथ म्हणून शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. यहुद्यांच्या तोरा ग्रंथाचे ५४ भाग. शनिवारच्या वाचनात वर्षभरात पारायण पुरं होतं. पुण्याच्या लाल देवळाचीही, म्हणजे १८६७च्या सिनेगॉगचीही, हीच परंपरा.

श्रावण-भाद्रपदाच्या सुमारास येणारा एक भाग सांगतो: नव्या घराच्या गच्चीला कठडा बांधा, कुणी पडलं तर दोष तुमचा. धर्मपंडितांनी हा नियम मोडक्या शिडीला, चावऱ्या कुत्र्यालाही लावला! मग शेतातली उघडी वीजतार, पावसाळ्यात ढासळलेला वरंध घाटाचा कठडा यातून कसे सुटतील? तोरा आपल्या मातीत आणणं नवं नाही: बेने इस्रायलांनी तर १८८०च्या सुमारास तोरातल्या कथा थेट मराठी कीर्तनात आणल्या.