बंदिश, उपज आणि आपले रोजचे काम

(शताब्दी व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा संक्षेप)



ग्वाल्हेरात उभे राहून गाण्याविषयी बोलणे हे धाडसच होय. त्यातून मी मराठीचा प्राध्यापक, गवई नव्हे. परंतु आजचा विषय खरे पाहता कामाचा आहे. कचेरीत, वर्गात, ग्रंथालयात वर्षानुवर्षे तेच काम करीत असताना माणसाला नवे सुचावे कसे, हा तो प्रश्न. त्याचा विचार करताना या नगरीची गायकी मला फार जवळची वाटते.

नियम मोडल्याखेरीज नवे घडत नाही, असे काहींना वाटते; चालले आहे ते तसेच चालू द्यावे, असे इतरांना वाटते. ख्यालगायन हे दोन्ही समज खोडून काढते. गवई मैफलीत आयत्या वेळी जे गातो त्यास आपण 'उपज' म्हणतो. नांगरलेल्या जमिनीतच काही उपजते, हे या शब्दातच आले. तिलवाड्याच्या १६ मात्रांत कितीही फिरावे, पण समेवर यावेच लागते. हे बंधन नसते, तर गवयाने नवे काय केले हे श्रोत्याला कळलेच नसते. भूप आणि देशकार पाहा. दोन्हींत सा, रे, ग, प, ध हेच पाच स्वर. भूपात गंधार वादी, देशकारात धैवत. चलन बदलले आणि राग निराळा झाला. कचेरीतही माणसे तीच, साधने तीच असतात. भर कशावर द्यायचा, हे बदलले की कामाचे रूप पालटते.

ग्वाल्हेर गायकीत आरंभी स्थायी आणि अंतरा दोन्ही मांडतात, मग बढत सुरू होते. संपूर्ण बंदिश आधी समोर येते, विस्तार त्यानंतर. आपल्या कचेऱ्यांत नेमके उलटे घडते. लिपिकाला एक टेबल आणि एक नोंदवही मिळते. कागद कोठून आला हे त्याला दिसते. तो पुढे कोणाच्या कोणत्या अडचणीसाठी जातो, हे कोणी सांगत नाही. ज्याला अर्धी स्थायीच शिकवली, त्याच्याकडून उपजेची अपेक्षा कशी करावी?

पंडित भातखंडे यांच्या योजनेनुसार १९१८ साली येथे माधव संगीत महाविद्यालय सुरू झाले. त्यांनी शेकडो बंदिशी स्वरलिपीत उतरवून ठेवल्या, हे उपकार मोठे. एरवी अनेक चिजा गवयाबरोबरच गेल्या असत्या. परंतु स्वरलिपी वाचणे म्हणजे गाणे नव्हे, हे संगीताचा विद्यार्थी पहिल्याच वर्षी शिकतो. परिपत्रके आणि नियमपुस्तिका ही कार्यालयाची स्वरलिपी आहे. ती हवीच, एक माणूस निवृत्त झाला म्हणून काम अडता कामा नये. मात्र तिचे पठण म्हणजेच सेवा, असे मानले की काम निर्जीव होते.

आता वरिष्ठांविषयी. विलंबित ख्यालात तबलजीचे पहिले कर्तव्य म्हणजे ठेका स्थिर राखणे. त्या स्थैर्याच्या भरवशावरच गवई दूर जाण्याचे धाडस करतो. लय रोज बदलणारा किंवा प्रत्येक आवर्तनात स्वतःच वाजवू पाहणारा अधिकारी हाताखालच्यांची उपज मारतो. एखादी जागा साधली नाही, तर गवई मैफल सोडून उठत नाही. पुढच्या आवर्तनात तो पुन्हा प्रयत्न करतो. एवढी मुभा आपण सहकाऱ्यांना देतो काय?

संस्थांनाही उपज सुचते. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ग्वाल्हेरची गायकी आत्मसात केली आणि महाराष्ट्रात रुजवली. त्यांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुसकर यांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापले. दरबारात आणि गुरुगृही जपलेली विद्या सामान्य घरातील मुलांसाठी खुली झाली. बंदिशी जुन्याच होत्या. त्या कोणापर्यंत पोचाव्यात, याचा विचार नवा होता.

हाच विचार आज या वास्तूत करावयाचा आहे. डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. वाचकाला त्याचे पुस्तक आणि पुस्तकाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे, हा त्यांचा गाभा. तीच आपली सम. आपली नातवंडे घरी मराठी बोलतात. पण शाळा हिंदी वा इंग्रजी असल्याने मराठी पान अडखळत वाचतात. अशा वेळी आपण केवळ देवघेवीच्या नोंदी चोख ठेवल्या, तर ते स्वरलिपीचे पठण ठरेल. कोणते पुस्तक न वाचताच परत आले, कोणत्या घरातून बालवाङ्मयाची मागणी थांबली, हे देवघेवीच्या टेबलावर बसणाऱ्या व्यक्तीला कार्यकारिणीपेक्षा अधिक ठाऊक असते. दरमहा एक कपाट तिच्या निवडीने मांडू द्यावे. आठवड्यातून एक तास मुलांना मोठ्याने वाचून दाखवण्याची रीत तिला तिच्या पद्धतीने बसवू द्यावी. कार्यकारिणीने वेळ, हिशेब आणि पुस्तकखरेदी यांचा ठेका न चुकता धरावा. काही प्रयोग फसतील. त्यांचा जाब विचारण्याआधी पुढच्या आवर्तनाची वाट पाहावी.

मागील पिढ्यांनी ही बंदिश शंभर वर्षे जपून आपल्या हाती दिली आहे. तिची बढत आपल्याकडून व्हावी, अशी इच्छा व्यक्त करतो.