पाताळाचे पाणी आणि आपले बोअर
(शेतकरी मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



काटोलकडच्या एका संत्रा बागायतदाराचे तिसरे बोअर चालू असताना मी तिथे उभा होतो. सहाशे फुटांखालूनही नुसता राखाडी फुफाटा उडत होता. ते म्हणाले, "साहेब, अजून शंभर फूट जाऊ द्या, पाताळाचं पाणी लागतेच." बाग वाळत होती, म्हणून मी वाद घातला नाही. आज मात्र त्या पाताळाबद्दलच बोलतो.

पृथ्वीचा मध्य आपल्या पायांपासून सुमारे ६,३७१ किलोमीटर खोल आहे. वरचे खडकाळ कवच आपल्या भागात साधारण ३५ ते ४० किलोमीटर जाडीचे. त्याखाली सुमारे २,९०० किलोमीटरपर्यंत तापलेला, पण बहुतांशी घनच खडक. मग वितळलेले लोखंड व निकेल, आणि मध्यभागी घट्ट लोखंडी गोळा. तिथवर कोणी गेलेले नाही. भूकंपाच्या लहरींवरून हे कळले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यात काम केलेल्या ओल्डहॅम यांनी १९०६ मध्ये या गाभ्याचा पुरावा मांडला. या सगळ्यात पाण्याचा साठा भरलेले तळघर कुठेच नाही.

आपल्याकडचा काळा पाषाण म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. तो एकावर एक थरांनी साचला. थराचा माथा बहुधा सच्छिद्र, पोट घट्ट. दोन थरांमध्ये कुठे कुठे लाल मातीचा पट्टा. पाणी राहते ते मुरमात, भेगांत आणि थरांच्या सांध्यांत. खोल जावे तशा भेगा मिटत जातात. लाव्हा संपल्यावर तरी काय? १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला छिद्र घेतले, तेव्हा ३३८ मीटरवर लाव्हा संपला आणि थोड्या गाळाखाली जुना कठीण खडक लागला. कोयनेला तर ९०० मीटरहून अधिक लाव्ह्याखाली ग्रॅनाइटी खडकच निघाला.

कामठीकडच्या वालुकाश्माची गोष्ट वेगळी. त्याच्या कणांमध्येच पाणी मुरते. म्हणून तिकडच्या पाहुण्याच्या बोअरवरून आपली खोली ठरवू नये.

कधी चारशे-पाचशे फुटांवर एखादा सांधा लागतो, मोटार जोरात चालते, पेढे वाटले जातात. पण ते पाणी फार सावकाश भरते. आपण तीन-चार उन्हाळ्यांत उपसतो. शेजाऱ्याची विहीर आटते ती वेगळीच. २००९ च्या महाराष्ट्र भूजल कायद्याने ६० मीटरपेक्षा खोल विहिरीला 'खोल विहीर' म्हटले आहे, ते उगाच नव्हे.

पाणाड्याला नारळ द्यायचा तर द्या, पण यंत्रापाशी स्वतः उभे राहा. दर दहा फुटांचा चुरा कागदावर वेगळा ठेवा. मुरूम कुठे संपला, लाल माती कुठे आली, ओल कुठे दिसली, ते लिहून ठेवा. दोनशे फुटांखाली सलग काळा, कोरडा चुरा येत असेल तर यंत्र थांबवा. उरलेल्या पैशांत जुन्या विहिरीतला गाळ काढून घ्या आणि पावसाचे पाणी दगड, खडी व वाळूच्या गाळणीतून तिच्यात सोडा. शेतातले गढूळ पाणी थेट सोडू नका, झरे बुजतात.