परमुलखातले पाणी

सेनगाव तालुक्यातून पशुपतिनाथाच्या दर्शनासाठी नेपाळला अथवा हजसाठी मक्केला प्रस्थान ठेवणाऱ्या यात्रेकरूंनी शिधासामग्रीच्या आधी पाण्याची तजवीज करावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. 1884 साली रॉबर्ट कॉख यांनी कलकत्त्याच्या एका तलावात पटकीचे जंतू शोधून काढले. तेव्हा पाणी नितळ दिसते एवढ्यावरून ते निर्धोक मानणे सर्वथा अनुचित होय. खळखळून उकळी फुटल्यावर पाणी एक मिनिट, अतिउंच डोंगराळ मुलखात तीन मिनिटे, उकळत ठेवावे. बाटलीचे सील तपासणारा जागरूक प्रवासीही सरबतातील बर्फाकडे मात्र दुर्लक्ष करतो, आणि तो बर्फ बहुधा तिथल्याच नळाच्या पाण्याचा असतो! अन्न वाफाळते असावे, फळ स्वहस्ते सोललेले असावे. चिरून ठेवलेल्या काकडीचा मोह टाळावा.

इतकी खबरदारी घेऊनही जुलाब सुरू झालेच, तर 1971 साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी असंख्य प्राण वाचवले तो उपाय स्मरावा; त्याची घरगुती रीत अशी: लिटरभर शुद्ध पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. हे घोटघोट पाजत राहावे. शौचावाटे रक्त पडल्यास वा लघवी कमी झाल्यास मात्र विनाविलंब दवाखाना गाठावा.