इंधन दरवाढ आणि रिक्षावाल्याचे घर

(संस्थेच्या वर्धापन दिनी दिलेल्या भाषणाचा लिखित भाग)



कार्यवाहांनी आम्हाला हा विषय दिला तेव्हा आम्ही थोडे कचरलो. आम्ही कला शाखेचे पदवीधर. अर्थशास्त्राची पुस्तके परीक्षेपुरती वाचली आणि पुढे बँकेत कारकून म्हणून लागलो. गाडी आम्हाला चालवता येत नाही. परंतु या सभागृहात बसलेल्यांपैकी किती घरांतला कर्ता पुरुष रिक्षा, टॅक्सी किंवा टेम्पो चालवतो, हे आपण सर्वजण जाणतो. ही मंडळी आमच्या काउंटरवर येतात. गॅस महागला की त्यांच्या घरात काय होते, ते आम्हाला पेट्रोल पंपावर नव्हे तर पासबुकात दिसते. तेवढेच आम्ही सांगणार आहोत.

आधी दर कसे ठरतात ते थोडक्यात पाहू. पूर्वी पेट्रोलचा दर सरकार ठरवीत असे. जून २०१० मध्ये पेट्रोलवरचे नियंत्रण उठले, ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलवरचे. १६ जून २०१७ पासून दर रोजच्या रोज बदलू लागले. जागतिक बाजारात कच्चे तेल महागले की आपल्याकडे महागते, हे सर्वांना ठाऊक आहे. ते स्वस्त झाले की आपल्याकडे तितकेच स्वस्त होते, असे मात्र नाही. २०२० साली टाळेबंदीच्या काळात कच्च्या तेलाचे भाव कोसळले, तेव्हा केंद्राने मार्च आणि मे महिन्यांत मिळून अबकारी कर पेट्रोलवर लिटरमागे १३ रुपयांनी आणि डिझेलवर १६ रुपयांनी वाढवला. स्वस्ताई पंपापर्यंत पोचलीच नाही. पुढच्याच वर्षी, २९ मे २०२१ रोजी, मुंबईत पेट्रोलने शंभरी ओलांडली.

मुंबईची रिक्षा बहुतांशी सीएनजीवर चालते, म्हणून आपण गॅसचाच हिशेब धरू. १ मार्च २०२१ रोजी रिक्षाचे किमान भाडे १८ रुपयांवरून २१ रुपये झाले. तेव्हा मुंबईत सीएनजी किलोला पन्नास रुपयांच्या आत होता. ४९ रुपये ४० पैसे. त्यानंतर भाडे एकोणीस महिने हलले नाही. गॅस मात्र हलत राहिला. १ एप्रिल २०२२ रोजी राज्य सरकारने सीएनजीवरील कर साडेतेरा टक्क्यांवरून तीन टक्क्यांवर आणला आणि गॅस ६० रुपयांवर उतरला, तेव्हा स्टँडवर आनंद झाला होता. तो आनंद आठवडाभरही टिकला नाही. त्याच महिन्याच्या अखेरीस दर ७६ रुपये झाला. ऑगस्टमध्ये ८६ रुपयांना शिवून तो ८० वर आला. अखेर १ ऑक्टोबर २०२२ रोजी किमान भाडे २१ वरून २३ रुपये झाले. त्याच आठवड्यात गॅस पुन्हा ८६ रुपये झाला!

आता घटना सांगतो. २०२२ च्या पावसाळ्यात एक रिक्षाचालक आमच्याकडे आवर्ती ठेव मोडण्यासाठी आले. मुलीच्या बारावीनंतरच्या प्रवेशासाठी ती ठेव होती. त्याआधी वर्षभर त्यांची पिग्मी कमी कमी होत गेलेली आम्ही पाहिली होती. रोजचे शंभर, मग पन्नास, मग "उद्या देतो". खरे सांगायचे तर आम्ही मनात म्हटले, की यांना काही व्यसन लागले असावे. तसे म्हणायला काहीच आधार नव्हता. पण काउंटरच्या आत बसलेल्या माणसाला बाहेरच्या माणसाविषयी असा समज करून घ्यायची सवय लागते. ते म्हणाले, "साहेब, गाडी तर रोज चालते. पैसा जातो कुठे तेच कळत नाही." जेवणाच्या सुट्टीत आम्ही पैसे काढण्याच्या स्लिपच्या पाठीवर हिशेब मांडला. तो असा.

रिक्षाला दिवसाला साधारण तीन किलो गॅस लागतो. पन्नासाच्या आतला गॅस ८० रुपये झाला, म्हणजे किलोमागे तीस रुपये आणि दिवसाला नव्वद रुपये जास्त. महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर दोन हजार तीनशे चाळीस. त्यांच्या पिग्मीचे बहुतेक पैसे इथेच गेले होते. ते बराच वेळ त्या स्लिपकडे पाहत बसले. "म्हणजे मी उडवले नाहीत," एवढेच म्हणाले. आम्हाला त्या दिवशी जेवण गेले नाही.

हाच हिशेब पुढे नेऊ. भाडेवाढीने किलोमीटरमागे १४ रुपये २० पैशांचे १५ रुपये ३३ पैसे झाले. दिवसात प्रवासी बसवून पासष्ट किलोमीटर गाडी चालली असे धरले, तर मिळकत वाढली सुमारे ७३ रुपयांनी. गॅस ८६ झाल्यावर खर्च वाढला होता सुमारे ११० रुपयांनी. भाडेवाढ मिळूनही माणूस मागेच. पुढे एप्रिल २०२३ मध्ये गॅस ७९ वर आणि मार्च २०२४ मध्ये ७३ रुपये ५० पैशांवर उतरला, तेव्हा कुठे हे दोन आकडे समान झाले. भाडे तेव्हा खाली आले नाही, त्याचा लाभ चालकाला मिळाला, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण मार्च २०२१ चा तोल सांधायला तीन वर्षे लागली, आणि मधल्या काळात जे गेले ते कोणत्याही मीटरवर उमटत नाही. नवे भाडे नव्या दिवसापासून लागू होते. मागची बाकी प्रवाशाकडून वसूल होत नसते. ती घरातून गेलेली असते. १ फेब्रुवारी २०२५ रोजी किमान भाडे २६ रुपये झाले, तेव्हाही हेच.

ज्याची स्वतःची गाडी नाही, शिफ्टवर जो रिक्षा चालवतो, त्याची स्थिती आणखी बिकट. मालकाला द्यायची रोजची रक्कम ठरलेली, गॅस आपल्या खिशातला. गॅस महागला म्हणून मालकाने शिफ्टचे पैसे कमी केले, असे आमच्या तरी ऐकिवात नाही.

मग चालक काय करतो? पहिली गोष्ट म्हणजे तास वाढवतो. दहा तासांचे तेरा-चौदा होतात. गॅसच्या रांगेत दिवसा वेळ जाऊ नये म्हणून पहाटे तीन-चारला पंपावर जाऊन उभा राहतो. स्टेशनबाहेर शेअर रिक्षाच्या रांगेत लागतो, कारण तिथे रिकामे परत यावे लागत नाही. नियम तीन प्रवाशांचा, पण चौथा शेजारी बसतो. सातारा-कोल्हापूरकडे वडापची जीप सीटा भरल्याशिवाय हलत नाही, त्यामागेही हेच गणित आहे. ॲपवरचा टॅक्सीवाला एसी बंद ठेवतो. पूर्वी पेट्रोलच्या रिक्षांत रॉकेल मिसळण्याचा प्रकार सर्रास चाले. इंजिनची वाट लागे आणि धुराने मागच्याचे डोळे चुरचुरत. सीएनजी आल्यावर निदान ते तरी गेले.

इंधन वाचवण्याचे जे उपाय पेट्रोलियम संरक्षण संशोधन संस्था वर्षानुवर्षे सांगत आली, म्हणजे सिग्नलला इंजिन बंद करा, टायरमध्ये हवा बरोबर ठेवा, वेग बेताचा ठेवा, ते जुन्या चालकांना तोंडपाठ आहेत. त्याने थोडे वाचते, पण तीस रुपयांची वाढ त्याने भरून निघत नाही. एक गोष्ट मात्र कोणी करू नये. उतारावर गाडी न्यूट्रल करून सोडू नये. इंजिनचा रोध जातो, सारा भार ब्रेकवर येतो आणि वाचलेल्या थेंबांपायी घाटात जीव जातो.

भाडे नाकारण्याविषयी आमच्यावर रागावलेली पुष्कळ मंडळी येथे असतील. आम्हीही पावसात मुलाला घेऊन ताटकळलो आहोत. नाकारणे हा कायद्याने गुन्हा आहे आणि आजारी माणसाला नाही म्हणणाऱ्याची बाजू आम्ही घेणार नाही. परंतु गाडीत गॅस संपत आला आहे, पंप एका दिशेला आणि प्रवासी दुसऱ्या दिशेला, मध्ये तासाभराची कोंडी, हे पाहून मान हलवणाऱ्याला एकदम माजोरी ठरवण्याआधी ती स्लिप आम्हाला आठवते.

तास वाढवूनही जे भागत नाही ते आमच्या काउंटरवर उतरते. आधी पिग्मी थांबते. मग मुदतीआधी ठेव मोडली जाते, व्याज कमी पडते. मग मंगळसूत्र गहाण येते. मग गाडीचा विमा "पुढच्या महिन्यात" भरायचा राहतो, आणि नेमका त्या महिन्यात अपघात झाला तर नुकसानभरपाईचा बोजा थेट घरावर. शेवटी खाजगी कर्जवाल्याचा रोजचा हप्ता. या उतरंडीवर माणूस कुठे उभा आहे, हे त्याच्या बायकोला पुष्कळदा त्याच्याआधी कळलेले असते. गहाणाची पिशवी घेऊन तीच येते.

आपल्या वस्तीतील तरुण मुद्रा कर्ज घेऊन किंवा महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाच्या योजनेतून गाडी घेण्याचा विचार करतात, म्हणून त्यांना दोन शब्द. २०१७ साली राज्याने रिक्षा परवान्यांवरची मर्यादा उठवली, त्यानंतर रिक्षा वाढल्या आणि प्रत्येकाच्या वाट्याचे प्रवासी कमी झाले. एजंट जो हिशेब दाखवतो तो आजच्या गॅसच्या दराने केलेला असतो. तुम्ही तो दर किलोला वीस रुपये वाढवून करा. तरीही हप्ता निघत असेल तर सही करा. विम्याचे पैसे बारा भागांत विभागून दर महिन्याला बाजूला काढा. तीन हप्त्यांची रक्कम खात्यात पडून राहील अशी सोय असल्याशिवाय गाडी घरी आणू नका. आणि गॅसच्या पावत्या फेकू नका. विद्यार्थी मित्रांनी हे काम अंगावर घ्यावे. वडिलांची वही तुम्ही लिहा: किती किलोमीटर, किती गॅस, किती धंदा. तीन ओळी, रोज.

दर रविवारी सकाळी दहा ते बारा आम्ही संस्थेच्या वाचनालयात बसतो. कर्जाचे कागद, विम्याची प्रत आणि ती वही घेऊन यावे. सही करण्याआधी आलात तर अधिक बरे.