दडपणाशी वैर नको

कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे याने नेमबाजीचे धडे गिरवले ते आपल्या नाशिकच्या क्रीडा प्रबोधिनीत. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात त्याने कांस्यपदक पटकावले. या प्रकारात ऑलिंपिक पदक मिळवणारा तो पहिला भारतीय ठरला. पदकाची वार्ता घरोघरी पोहोचली. त्या दिवसाची दुसरी बाजू मात्र मागे राहिली. पोटात गोळा आल्याने स्वप्निलने काही खाल्ले नव्हते, केवळ काळा चहा घेतला होता. छातीची धडधड वाढली होती, हे त्यानेच नंतर सांगितले. विजेत्यालाही भीती वाटते, ती अशी!

ही भीती म्हणजे दुबळेपणा नव्हे. कसोटीचा क्षण जवळ आला की शरीरात अ‍ॅड्रेनलिन स्रवते, नाडी जलद चालते, श्वास उथळ होतो, स्नायू आखडतात. धावपटूला यातला काही अंश उपकारक ठरतो. नेमबाजाला मात्र हाताचा सूक्ष्म कंपही महागात पडतो. म्हणूनच हृदयाची गती मंदावणारी बीटा-ब्लॉकर औषधे नेमबाजीत निषिद्ध आहेत. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये असे औषध घेतल्याचे आढळल्याने उत्तर कोरियाच्या किम जोंग-सू याला दोन पदके गमवावी लागली. तंबोऱ्याची तार ढिली असली तर सूर लागत नाही आणि फार ताणली तर ती तुटते. खेळाडूच्या मनाचेही तसेच आहे.

स्वप्निलची तार एकदा ताणली गेली होती. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत तो अंतिम फेरीत आघाडीवर होता. एका नेमाला अवघे ७.६ गुण मिळाले आणि तो चौथ्या स्थानी घसरला. पुढल्याच वर्षी पॅरिसमध्ये त्याने काय केले? गुणफलकाकडे पाहिले नाही, श्वासावर नियंत्रण ठेवले आणि नेहमीपेक्षा वेगळे काही करण्याचा मोह टाळला. भय गेले नव्हते. त्याच्या हाती सूत्रे मात्र दिली नव्हती.

यात आपल्या मुलामुलींसाठी मोठा धडा आहे. श्वास घेण्यापेक्षा सोडण्यास अधिक वेळ द्यावा. त्याने धडधड शमण्यास मदत होते. खेळापूर्वीच्या कृतींचा क्रम ठरलेला असावा आणि स्पर्धेच्या दिवशीही तो मोडू नये. सरावातच प्रेक्षक, गोंगाट, गुणांची चुरस यांची सवय करून द्यावी. ‘घाबरू नकोस’ या उपदेशाने भीती जात नाही; उलट घाबरल्याची लाज तेवढी वाढते. त्यापेक्षा ‘भीती वाटणारच, तू आपला क्रम सांभाळ’ हे वाक्य अधिक बळ देते. झोप उडाली, अन्न जाईनासे झाले आणि हे दिवसेंदिवस टिकले, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जाण्यात कमीपणा मानू नये.

आणि शेवटचे पालकांसाठी. मैदानावरून परतलेल्या मुलाला उंबरठ्यावरच ‘कितवा आलास?’ असे विचारले जाते. पुढल्या स्पर्धेचे दडपण त्याच क्षणी जन्माला येते. कित्येक गुणी मुले प्रतिस्पर्ध्याला भिऊन नव्हे, तर या प्रश्नाला भिऊन मैदान सोडतात. त्याऐवजी ‘आज काय शिकलास?’ असे विचारून पाहावे. पदक येईल अथवा न येईल, मूल मैदानावर टिकेल.